सावज शोधावं कसं? नवशिक्यांसाठी दहा धडे

कुठलीही विद्या शिकवणाऱ्याने आधी स्वतःची पात्रता सांगावी. मी गेली एकोणीस वर्षं रानात पायी फिरतो आहे. या काळात पायी चालताना मला दिसलेले वाघ : शून्य. बिबटे : एक, तोही कदाचित. अस्वल : अर्धं, कारण उरलेलं अर्धं बोराटीच्या जाळीत होतं आणि ते बाहेर येण्याची वाट पाहावी असं मला वाटलं नाही. जीपमधून पाहिलेले प्राणी या हिशेबात नाहीत. जीपमधून वाघ पाहणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत जेवणं. त्यावरून आपल्याला स्वयंपाक येतो असं म्हणता येत नाही.

रानात प्राणी कसा सापडत नाही, हे माझ्याइतक्या खात्रीने सांगणारा माणूस मिळणं कठीण. तेव्हा विद्यार्थ्याने हे धडे मन लावून वाचावेत आणि शक्यतो मी केलं त्याच्या उलट करावं.

धडा पहिला : बंदूक

शिकारीची पुस्तकं बंदुकीपासून सुरू होतात, म्हणून आपणही तिथूनच सुरू करू. बंदूक घरी ठेवा. घरी नसेल तर उत्तम. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्याला आता अर्धशतक उलटून गेलं. वाघ, बिबट्या, अस्वल अशा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं तुरुंगवास आहे. तिथे वेळ भरपूर मिळतो, पण निरीक्षणाला ढेकूण सोडून फारसं काही नसतं.

म्हणजे आपल्या शिकारीत सावज मारायचं नाही, नुसतं शोधून काढायचं. यात काही उणं नाही. बार काढणं हे क्षणाचं काम. त्याआधीचे चार दिवस जुने शिकारीही माग काढण्यात, वारा बघण्यात आणि दबा धरून बसण्यातच घालवत. बंदूक वजा केली तरी ही विद्या शिल्लक राहते. १९०८ साली मुंबईतल्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पुढे सालिम अली झाला. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात जाऊन राहिले, ते वही घेऊन. थोरामोठ्यांनी वाट मळून ठेवलेली आहे. आपण फक्त तिच्यावर आपटून पडायचं आहे.

एक सूचना याच धड्यात. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात आपल्या मर्जीने पायी फिरता येत नाही. बाकीच्या अभयारण्यांतही परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जावं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या निसर्गवाटा, रायगडातलं फणसाड, भीमाशंकर अशा ठिकाणी सुरुवात करावी. भीमाशंकरचं अभयारण्य शेकरूसाठी आहे आणि शेकरू हा नवशिक्यांसाठी फार सोयीचा प्राणी. तो झाडाच्या शेंड्यावरून स्वतःच ओरडून सांगतो की मी इथे आहे. एवढा सरळ स्वभाव पाहूनच बहुधा त्याला महाराष्ट्राचा राज्यप्राणी केलं असावं.

धडा दुसरा : साहित्य आणि पोशाख

माझा गुरू एक वनरक्षक. नागझिऱ्याच्या भोवतालच्या रानात त्याचं बीट होतं. वयाने तो माझ्याहून लहान, पण विदर्भाच्या रिवाजाप्रमाणे मी त्याला भाऊ म्हणे आणि तो मला सर. पहिल्या दिवशी आम्ही दोघं निघालो तेव्हा माझ्या पाठीवरच्या पिशवीत दुर्बीण, कॅमेरा, लेन्स, लेन्स पुसायचं फडकं, होकायंत्र, शिट्टी, प्राण्यांचं सचित्र पुस्तक, तीन खणांचा डबा आणि चिवड्याची पुडी होती. भाऊकडे एक काठी आणि पाण्याची बाटली होती. दुपारपर्यंत मी त्याची बाटली संपवली होती.

पोशाखाबद्दल शास्त्र असं सांगतं : हरणांच्या डोळ्यांना लाल आणि नारिंगी नीट उमगत नाहीत. म्हणून तर वाघाचा तो भडक रंग त्यांना गवतात विरून गेलेला वाटतो. निळा मात्र त्यांना चांगला दिसतो. आता आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची रीत. तेव्हा नीळ दिलेला शर्ट आणि खाली निळी जीन घालून रानात शिरलेला माणूस चितळाच्या नजरेत ट्यूबलाइट लावून आलेला असतो. मातकट, मळखाऊ, चारदा धुतलेले सुती कपडे घाला. सळसळणारं नायलॉनचं जाकीट नको. लष्करी ठिपक्यांचेही नकोत. त्यांनी हरीण फसो न फसो, नाक्यावरचा पोलीस नक्की थांबवतो.

धडा तिसरा : वारा

प्राणी तुम्हाला डोळ्यांनी ओळखण्याआधी नाकाने ओळखतो. म्हणून वारा नेहमी आपल्या तोंडावर घ्यावा, पाठीवर कधीही नाही. वारा कुठून येतो हे पाहायला चिमूटभर बारीक माती हवेत सोडायची आणि ती कुठे जाते ते पाहायचं. मी एका पुस्तकात वाचलं होतं की पावडर वापरली तर जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून टाल्कम पावडरचा डबा नेला. वारा खरोखरच स्पष्ट दिसला. चंदनाच्या वासाचा एक पांढरा लोट सावकाश नाल्याकडे गेला आणि नाल्यातून काहीतरी मोठं धडपडत निघून गेलं.

भाऊ काही बोलला नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाला, "सर, पावडर राहू द्या. तुमचा साबन मले सकाळीच नाल्यापल्याडून समजला होता."

डोंगरउतार असेल तर लक्षात ठेवा : ऊन चढलं की तापलेली हवा उताराने वर जाते, आणि संध्याकाळी गार हवा दरीत उतरते. म्हणजे सकाळी वरून खाली पाहावं, संध्याकाळी खालून वर. याच्या उलट केलं तर तुमची वर्दी तुमच्या आधी पोचते.

*स्वाध्याय : आंघोळीला बिनवासाचा साबण वापरा. घरच्यांनी कारण विचारल्यास सांबर असं सांगा आणि होईल ते सोसा.*

धडा चौथा : चालणं

आपल्याला चालता येतं हा माणसाचा गैरसमज रानात पहिल्या दहा पावलांत दूर होतो. फेब्रुवारीपासून सागाची पानं गळतात आणि वाळतात. ताटाएवढं ते पान. त्यावर पाय ठेवणं म्हणजे कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरून चालणं. शेजारीण धावून येत नाही, एवढाच फरक.

उपाय आहे. टाच आपटू नका. पावलाची बाहेरची कड आधी टेकवा, खाली फांदी नाही याची खात्री करा, मग वजन टाका. शक्यतो प्राण्यांच्या आणि गुरांच्या मळलेल्या वाटेवरून चाला. तिथे पानं चुरा झालेली असतात. मुख्य म्हणजे सारख्या ठेक्यात चालू नका. रानातला जवळजवळ प्रत्येक चरणारा प्राणी चार पावलं टाकतो, थांबतो, मान वर करतो, पुन्हा चालतो. एकसारखं धप-धप-धप चालणारा प्राणी एकच. त्याला सगळे ओळखतात.

दहा पावलं चाला आणि तेवढाच वेळ उभे राहा. या गतीने एका किलोमीटरला तास लागतो. तासाला पाच किलोमीटर चालणाऱ्याला रान दिसत नाही, नुसता व्यायाम होतो. घामाचा वास कुठे जातो, ते मागच्या धड्यात आलंच आहे.

धडा पाचवा : कान

रानात पहारेकरी असतात आणि ते फुकट बातमी देतात. वानर झाडाच्या शेंड्यावर बसलेलं असतं. बिबट्या किंवा वाघ दिसला की ते खाकरल्यासारखं 'खक्, खक्' सुरू करतं. त्या झाडाखाली अनेकदा चितळ असतात, कारण वानर खातं कमी आणि टाकतं जास्त. पडलेली पानं-फळं चितळांना आयती मिळतात. चितळ घाबरलं की तीक्ष्ण शिट्टीसारखं ओरडतं. सांबर 'ढांक' करतं, रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, इतकं हुबेहूब की नवशिक्या म्हणतो, चला, गाव जवळ आलं.

या सगळ्यांवर सारखा विश्वास ठेवू नये. चितळ हे वाड्यातल्या त्या बिऱ्हाडासारखं, जिथे मांजर आलं तरी आरडाओरड होते. वानराचं म्हणणं गंभीरपणे घ्यावं, कारण त्याला उंचावरून दिसतं. सांबर मात्र घरातल्या मोठ्या आजोबांसारखं. ते उगाच बोलत नाही. बोललं तर सगळ्यांनी ताट बाजूला सारून उठावं. टिटवीचं काय सांगणार? तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात, त्यामुळे तिला अख्खं जगच संशयित वाटतं.

एकदा उजवीकडच्या टेकाडावरून वानरांचा इशारा सुरू झाला. मी दुर्बीण काढली, श्वास रोखला, भाऊच्या कानाशी कुजबुजलो, "बिबट्या असेल?" भाऊने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "नाही जी. ते तुमाले पाहून रायले."

हा या धड्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नवशिक्याला रानात जे इशारे ऐकू येतात, ते बहुतेक त्याच्याविषयीच असतात.

धडा सहावा : जमीन

रानातली धूळवाट म्हणजे प्राण्यांचं तलाठी दप्तर. कोण कुठून आलं, कुणाची हद्द कुठवर, कोण कुणाच्या मागे गेलं, सगळी नोंद असते. फक्त अक्षर लावता आलं पाहिजे.

मांजरकुळातल्या प्राण्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. ती आत ओढलेली असतात. कुत्रा, कोल्हा, तरस यांची नखं उमटतात. तरसाचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा मोठे. अस्वलाचा मागचा पाय अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो, फक्त बोटांपुढे लांब नखांच्या खुणा असतात. रानडुकराच्या खुराच्या मागे, चिखल असेल तर, दोन बारीक उपखुरांचे ठिपके दिसतात. वाघाच्या ठशाचा चौक साधारण चौरस भरला तर नर, लांबट भरला तर मादी, असं जुने जाणकार सांगत. पूर्वी काच ठेवून हे ठसे गिरवत आणि त्यावरून वाघ मोजत. आता ती मोजदाद कॅमेऱ्याने होते, कारण ठशावरून एकच वाघ दोनदा आणि दोन वाघ एकदा मोजले जाण्याची सोय फार होती.

मीही एक ठसा गिरवला होता. नाल्याच्या ओल्या रेतीत, ठसठशीत. शेजारी पेन ठेवून अकरा फोटो काढले. लांडगा, असा माझा निर्णय झाला होता. भाऊ वाकला. "हा तं आमचा मोत्या."

ठसा ताजा की शिळा हे ओळखायला सोपी युक्ती आहे. काल संध्याकाळी गावातली सायकल त्या वाटेने गेली असेल आणि ठसा टायरच्या रेघेवर उमटला असेल, तर प्राणी रात्री गेला. रेघ ठशावरून गेली असेल, तर त्याच्या आधी. ठशात जाळं विणून कोळी बसला असेल, तर तुम्ही चहा पिऊन आलात तरी चालेल.

पाउलखुणांइतकीच मौल्यवान नोंद म्हणजे विष्ठा. लाजू नये. तरसाची वाळली की खडूसारखी पांढरी पडते, कारण ते हाडं चावून खातं. अस्वलाच्या विष्ठेत हंगामाप्रमाणे बोराच्या, जांभळाच्या बिया सापडतात. वाघ-बिबट्याच्या विष्ठेत केस असतात, त्यावरून त्याने काय खाल्लं ते कळतं. नीलगाय पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकते, तिचा ढीग दुरून ओळखू येतो. चितळाच्या लेंड्या ओळखणं मात्र सर्वांत अवघड, कारण त्या शेळीसारख्याच दिसतात. मी दोन दिवस चितळाच्या एका मोठ्या कळपाचा माग काढत होतो. तिसऱ्या दिवशी कळपाचा मालक भेटला.

गळून पडलेलं शिंग सापडलं तर जागेवरच ठेवा. ते उचलणं बेकायदा आहे. शिवाय ते साळिंदराच्या जेवणातलं असतं. हाडं-शिंगं कुरतडून ते आपली कॅल्शियमची गरज भागवतं.

धडा सातवा : डोळे

नवशिक्या रानात अख्खा प्राणी शोधतो, पुस्तकातल्या चित्रासारखा, पूर्ण, बाजूने उभा. तसा प्राणी रानात नसतो. रानात असतो एक कान. किंवा पाय. किंवा उभ्या झाडांच्या गर्दीत एक आडवी रेघ. खोडं उभी असतात, पाठ आडवी असते. ती आडवी रेघ शोधायला डोळ्यांना शिकवायचं. एका जागी टक लावू नका. नजर सैल सोडा, हललेलं आपोआप टिपलं जातं.

सुरुवातीला पुढील जाती मोठ्या संख्येने आढळतील. खोडअस्वल : जळक्या बुंध्याच्या रूपात, पहाटे. वारूळगवा : मोठा, काळपट, अजिबात न हलणारा. पानचितळ : उन्हाचे कवडसे पडलेलं झुडूप. फांदीसांबर : नर, शिंगं सहा फाट्यांची, बाकी शरीर नाही. या सगळ्यांचे मी फोटो काढलेले आहेत आणि ते नातेवाइकांना दाखवलेलेही आहेत.

खरा प्राणी दिसला तरी नवशिक्याला तो पाठमोरा दिसतो. पुस्तकं मात्र प्राण्यांची तोंडं छापतात. ही अडचण ओळखून इथे मागून ओळखण्याची पद्धत देतो. शेपूट वर आणि खाली पांढरंशुभ्र : चितळ. तसंच पांढरं, पण अंगाने लहान आणि एकटंच : भेकर. मोठं, गडद, झुडपं मोडत गेलं : सांबर. सरळ शेपूट, गावठी डुकरासारखी वेटोळी नाही : रानडुक्कर. चारही पायांत पांढरे मोजे : गवा. लांब शेपटीचं काळं टोक वर वळलेलं : मुंगूस. अस्वलाला मागून दाखवण्यासारखी शेपूट नसते. पण ते पाठमोरं दिसलं तर ओळखत बसू नये, आभार मानून निघावं.

धडा आठवा : बसणं

चालून प्राणी सापडत नाहीत असं लक्षात आलं की माणूस बसतो. इथून खरी विद्या सुरू होते. उन्हाळ्यात पाणवठा, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळणारा मोह, फळं लागलेलं उंबर : अशा जागा हेराव्यात आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, झाडाला टेकून बसावं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याच्या परवानगीने पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायला मिळतं, ती संधी सोडू नये.

बसण्यात अवघड काही नाही, फक्त हलायचं नाही. पहिली दहा मिनिटं सोपी जातात. मग नाकाला खाज सुटते. ती जिरली की पायाला मुंग्या येतात. एका प्रकारच्या मुंग्या आतून आणि दुसऱ्या प्रकारच्या बाहेरून. अर्ध्या तासाने घशात खोकला तयार होऊन उभा राहतो. आणि पाऊण तासाने, पाणवठ्याच्या पलीकडे काहीतरी हललंसं वाटतं, तेव्हा पोटात कळ येते. ऐन शिकारीच्या वेळी कुत्रं हगायला, ही म्हण ज्याने रचली तो नक्की मचाणावर बसलेला असणार. कुत्र्याचं नाव त्याने पुढे केलं असावं.

ही सगळी संकटं टळली तर तासाभराने एक गोष्ट घडते. सुरुवातीला गप्प झालेले सातभाई पुन्हा कलकलायला लागतात. सरडा पायावरून जातो. खार तुम्हाला ओलांडून पुढे जाते. रानाने तुमची हजेरी काढून टाकली, असा याचा अर्थ. यानंतर जे येईल ते खरं.

धडा नववा : सापडल्यावर

हा धडा छोटा आहे, कारण अनुभव कमी आहे. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, तेव्हा संबोधनावर वेळ घालवू नये. पळू नये, पाठ दाखवू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकावं आणि त्याला जायला वाट द्यावी. बहुतेक वेळा त्यालाही तेच हवं असतं. पिल्लं दिसली तर त्याच क्षणी मागे फिरावं. अस्वलाला वाघापेक्षा जास्त भ्यावं. त्याची नजर अधू, ते अगदी जवळ येईपर्यंत तुम्ही त्याला कळत नाही, आणि कळलात की ते विचार न करता अंगावर येतं. झाडावर चढू नये. अस्वलही चढतं, तुमच्यापेक्षा बरं चढतं. शाळेच्या पुस्तकातला श्वास रोखून पडलेला मित्र आठवेल, पण त्या धड्याखाली लेखकाने स्वतः करून पाहिल्याचा उल्लेख नाही.

वाट चुकलात तर त्याला चकवा म्हणतात. तासभर चालून पुन्हा त्याच मोहाखाली येणं, हे त्याचं लक्षण. यावर गावोगाव उतारे वेगळे, पण सगळ्यांत एक गोष्ट समान : आधी बसा. तेवढी केली तरी पुरते.

धडा दहावा : उलटा

हा धडा माझ्या पहिल्या हस्तलिखितात नव्हता. एका एप्रिलमध्ये पहाटे आम्ही मोहाच्या झाडांकडे निघालो होतो. मी वारा तोंडावर घेतलेला, पावलाची बाहेरची कड आधी टेकवत, आवाज न करता. समोरून बायांचा घोळका मोठमोठ्याने बोलत, हसत, टोपल्या वाजवत आला. एकीने तर मुद्दाम खोकून घेतलं. माझी सगळी पहाट वाया गेली म्हणून मी चरफडलो.

भाऊने मला थांबवलं. त्या मोह वेचायला चालल्या होत्या. वाकून, जमिनीकडे पाहत, तासन्‌तास. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. मोह आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात या भागातले लोक अशाच कामात जिवाला मुकले आहेत. त्यांना प्राणी सापडायला नको असतो. म्हणून त्या एकट्या जात नाहीत, गप्प चालत नाहीत, अंधारात निघत नाहीत.

या पुस्तिकेतली नवशिक्याची प्रत्येक चूक उलटी वाचा. मोठ्याने बोला, पाय आपटा, घोळक्याने चाला, खोका. ज्यांना रानात रोज जावं लागतं, त्यांचं मार्गदर्शन तेच आहे. प्राणी शोधायला जाणं ही चैन आहे, हे विद्यार्थ्याने पिशवी भरतानाच समजून घ्यावं. आणि समोरून टोपल्या वाजवत कुणी आलं, तर वाटेतून बाजूला व्हावं.

शेवटची परीक्षा

दर चार वर्षांनी देशभर वाघांची गणना होते. तिच्यात वनरक्षकाला आपल्या बीटमध्ये आधी तीन दिवस मांसाहारी प्राण्यांच्या खुणा शोधत चालावं लागतं, आणि मग तीन सकाळी आखलेल्या २ किलोमीटरच्या सरळ रेषेवरून चालून हरणं-रानडुकरं मोजावी लागतात. अशा एका सरावाच्या फेरीत मी भाऊबरोबर गेलो. आम्ही सोबतच चाललो, तीच वाट, तेच ऊन. परत येऊन नाक्यावर बसलो. मी माझी वही उघडली आणि लिहिलं : काही नाही.

भाऊ त्याचा कागद भरत होता. मी वाकून पाहिलं. बिबट्याची विष्ठा, जुनी. सागाच्या बुंध्यावर नखांचे ओरखडे, छातीच्या उंचीवर. अस्वलाने उकरलेलं वारूळ, माती ओली. कोवळ्या ऐनावर सांबराने शिंगं घासलेली. नीलगायीचा ढीग. रानडुकरांनी नांगरलेला नाल्याचा काठ. साळिंदराचा काटा. तरसाचा माग, पुढचा पाय मोठा. रानकुत्र्यांचे ठसे, निदान चार. एकूण ९ नोंदी. त्यातल्या किमान तीन वस्तूंवर मी पाय ठेवून गेलो होतो, आणि एकीवर बसून चिवडा खाल्ला होता.

वहीतलं 'काही नाही' मी खोडलं. विद्यार्थ्यांनी तिथूनच सुरुवात करावी. रानातून परत आल्यावर कुणी "काही दिसलं का?" असं विचारलं, तर उत्तर द्यायची घाई करू नये. आणि निघताना पाण्याची एक बाटली जास्तीची घ्यावी. काठी घेऊन बरोबर चालणाऱ्याची बाटली आपण दुपारपर्यंत संपवतो.